टाकील तो लटकेल

झाडांच्या कामात नेमाजीचा एकच नियम होता, आणि लग्नात दिलेल्या वचनांपेक्षा तो त्याने जास्त इमानाने पाळला होता: टाकील तो लटकेल.

म्हणजे असं. मोठ्या झाडावर चढायचं तर आधी वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यात दोर अडकवावा लागतो. त्यासाठी बारीक दोरीच्या टोकाला शिसं भरलेली मुठीएवढी पिशवी बांधायची आणि खालून ती भिरकावायची. पिशवी बेचक्यावरून पलीकडे पडली की त्या दोरीमागून जाड दोर ओढून घ्यायचा. मग चढण्याआधी दोघांनी त्या दोराला लटकायचं: ज्याने पिशवी टाकली त्याने आणि जो चढणार आहे त्याने. पाय जमिनीवरून उचलून, गुडघे पोटाशी घेऊन, नजर वर फांदीवर ठेवून. फांदी मोडायचीच असेल तर तेव्हाच मोडते. माणसं हातभर उंचीवरून बुडावर आपटतात, हसतात, आणि दुसरं बेचकं शोधतात. चढणारा 'पुरे' म्हणेपर्यंत मात्र दोर सोडायचा नाही. जीव त्याचा टांगणार, तेव्हा खात्री त्याची पटायला हवी.

नेमाजी हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्याच्या बायकोलाही विचार करून सांगावं लागे. साठ फुटांवरच्या, हाताच्या दोन बोटांसारख्या दिसणाऱ्या बेचक्यातून तो एका फेकीत पिशवी काढायचा, म्हणून लोकांनी नाव पाडलं. दुसरी फेक करावी लागली तर त्या दिवशी तो जेवताना कुणाशी बोलत नसे. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट नीट यावी आणि त्याने तीच डोक्यावर घेऊन बसावं, यात नवल ते काय.

पन्नाशी उलटली आणि त्याचे गुडघे गेले. झाडावर चढायचं काम मुलीने घेतलं. ती एकोणीस वर्षांची होती, अंगाने काडी, आणि पहिल्याच आठवड्यात तिने बापाला तोंडात बोट घालायला लावलं. लोकांनी तिला खार म्हणायला सुरुवात केली. घरातही तेच नाव रुळलं. खार चढायची, नेमाजी पिशवी टाकायचा, आणि चढण्याआधी बापलेक एका दोराला समोरासमोर लटकायचे. सात वर्षं, रोज सकाळी. कधीकधी ती मुद्दाम 'पुरे' म्हणायला उशीर करायची. बापाचे दंड थरथरायला लागले की हसायची आणि मग म्हणायची. नेमाजी तिला शिव्या घालायचा, पण दिवसातलं तेवढं एकच मिनिट त्याला खरं आवडायचं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग जावई आला.

तो इमारतींच्या छपरांची ड्रोनने पाहणी करणारा माणूस होता. एका शाळेच्या कौलांवर झुकलेलं झाड उतरवताना त्याची नि खारीची गाठ पडली, आणि वर्षभरात तो एक सूटकेस आणि एक काळी पेटी घेऊन यांच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आला. पुढची खोली जोडप्याला मिळाली. नेमाजी आणि त्याची बायको मागच्या खोलीत, दोरांच्या भेंडोळ्यांशेजारी झोपू लागले. आयत्या बिळावर नागोबा, असं नेमाजी बायकोजवळ म्हणाला. बायको म्हणाली की नागोबा निदान भांडी तरी विसळतो, तुम्ही तीस वर्षांत कप उचलला नाहीत.

जावई वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर नेमाजीचं काम सोपं झालं असतं. तो हळू बोलायचा, सासऱ्याला मामा म्हणायचा, आणि चुकूनही आवाज चढवायचा नाही. अशा माणसाचा राग करायचा तर फार कष्ट पडतात. नेमाजीने ते कष्ट घेतले.

ड्रोनने कामं वाढली, हेही खरं. पूर्वी झाडाची वरची बाजू खालून अंदाजानेच कळायची. आता पाच मिनिटांत स्क्रीनवर वाळलेल्या फांद्या, सालीच्या भेगा, पक्ष्यांची घरटी सगळं दिसायचं. गिऱ्हाइकाला फोटोंसह अहवाल मिळायचा. खार कशी चढते, कुठे पाय टाकते, तेही जावई वरून टिपायचा, आणि रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ती आपली चढाई मोबाइलवर बघून आपल्याच चुका काढायची. नेमाजी त्या यंत्राला गांधीलमाशी म्हणायचा. माशी आली, माशी बसली, माशीला भूक लागली, तिची बॅटरी बदला. सगळे हसायचे, जावईसुद्धा. तोवर सगळं ठीक होतं.

एका वकिलाच्या अंगणात ते बिघडलं. झाड उंच होतं आणि बेचकं सत्तर फुटांवर. नेमाजीने पिशवी टाकली, ती फांदीला लागून परत आली. दुसरी फेक खाली गेली. तिसरीला खांद्यात कळ आली आणि पिशवी शेजारच्या मोटारीच्या टपावर पडली. वकील व्हरांड्यात मोबाइल धरून सगळं टिपत होता. जावई जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, दमलात तुम्ही. मी बघू का एकदा?"

त्याने बारीक दोरी ड्रोनच्या पोटाखालच्या आकड्याला लावली. माशी वर गेली, बेचक्यावरून पलीकडे सरकली, आकडा सुटला आणि पिशवी सरळ खाली आली. दीड मिनिट लागलं असेल. वकिलाने टाळ्या वाजवल्या. खारीनेही वाजवल्या. वकिलाच्या टाळ्या नेमाजी त्याच दिवशी विसरला.

जाड दोर वर चढला. आता लटकायची वेळ. टाकील तो लटकेल, तेव्हा नेमाजी बाजूला होऊन उभा राहिला आणि जावयाकडे बघू लागला. जावयाच्या दोन्ही हातांत रिमोट होता आणि माशी अजून वरच घोंघावत होती.

"बाबा, तुम्हीच या," खार म्हणाली. "त्याचे हात अडकलेत. शिवाय तुमचं वजन जास्त आहे."

नेमाजी आला आणि लटकला. त्या दिवसापासून तीच रीत पडली. माशीने टाकायचं आणि नेमाजीने लटकायचं. शिशाची पिशवी आता त्याच्या हातात यायची ती फक्त गाडीत ठेवायला. एकदा गाडीत सामान भरताना गिऱ्हाइकाने विचारलं की हे गृहस्थ काय काम करतात, तर जावई लाडाने म्हणाला, "हे आमचं वाळूचं पोतं. यांच्याशिवाय पान हलत नाही." खार खळखळून हसली. फांद्या तोडून गाडीत भरणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून त्याला पोतं म्हणू लागला. आठवड्याभरात घरात बायकोच्या तोंडूनही निसटलं. चहा घ्या पोतं, असं म्हणून तिने जीभ चावली, पण नाव घरात शिरलं ते शिरलंच. तीस वर्षं नेमाजी आणि एका आठवड्यात पोतं. कानामागून आली ती तिखट झाली, आणि हा मात्र मूग गिळून बसला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नेमाजीचा पीळ पोटात गेला आणि तिथे घट्ट होत राहिला.

पहिल्यांदा ते आपोआप झालं. गुडघ्यात सणक आली आणि लटकताना त्याने बुटांचे चवडे जमिनीवर टेकवले. वजन सगळं चवड्यांवर, हात नुसते दोराला धरलेले. समोर खार पाय उचलून लटकत होती, नजर वर. तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, "पुरे." आणि चढली. झाड उभं राहिलं. काम झालं.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत नव्हता. त्याने चवडे तरीही टेकवले.

मग ते रोजचंच झालं. हा त्याचा संप होता, कुणाला न कळवता केलेला. टाकील तो लटकेल ना? मग ज्याने टाकलं त्याने लटकावं. माझी फेक नको, मग माझा भारही मिळणार नाही. तोंडाने तो दात खायचा, दंड मुद्दाम थरथरवायचा, खार हसेल म्हणून. ती हसायचीही. आणि दर वेळी फांदी टिकली की नेमाजीला एक कडवट गंमत वाटायची की बघा, यांना माझी गरजच नाही, यांना कळतसुद्धा नाही. पोरीच्या जिवाखालून आपण एक वीट काढून घेतोय, हे त्याला कळत होतं. न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता. पण राग आला की माणूस आपल्याच घराचा वासा कापतो आणि वर छप्पर कसं टिकलंय याचं कौतुक करत बसतो.

एक विद्या मात्र त्याच्याकडे अजून उरली होती. लाकडी मोगरीने खोड ठोकून तो आतलं ओळखायचा. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड घुमतं. चढण्याआधी झाडाला एक फेरी मारून ठोकायचं, ही त्याची जुनी सवय. एका बागेत त्याने खोड ठोकलं आणि जाहीर केलं की हे झाड आतून गेलंय, यावर कुणी चढू नये. जावयाने माशी उडवली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, काही दिसलं नाही. काम दोन दिवस अडलं. मग शिडीची मोठी गाडी मागवून झाड उतरवलं, तर आतून दगडासारखं भरीव निघालं. कापलेला ओंडका बागेच्या मालकिणीने पायाने लोटून नेमाजीसमोर आणला. खार घामाने भिजली होती, चिडली होती.

"बाबा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्हाला हल्ली प्रत्येक झाड मरायला टेकलेलंच दिसतं. उद्यापासून ठोकू नका. नुसते लटका."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मनाशी त्याने एवढंच ठरवलं की आता विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि विचारणार कोण होतं?

छापखान्याचं काम त्यानंतर दहा दिवसांनी आलं. छापखान्याच्या मागच्या अंगणात एक जुनं झाड पत्र्याच्या छपरावर रेललं होतं. सकाळी यंत्रं सुरू झाली होती आणि भिंतीतून त्यांची थाप पायांपर्यंत येत होती. अंगणभर कागदाची कात्रणं उडत होती. जावयाने माशी वर सोडली. खार पट्ट्याची बकलं लावत होती. नेमाजी सवयीने मोगरी घेऊन झाडाला फेरी मारायला गेला. ठोकू नका म्हटलं होतं, पण हात थोडेच ऐकतात.

अंगणाकडच्या बाजूने खोड टणक बोललं. भिंतीकडच्या बाजूला आल्यावर आवाज बसला. त्याने पुन्हा तिथेच ठोकलं. मग तिसऱ्यांदा, हळू, कान सालीला लावून. यंत्रांच्या थापेतही ते ऐकू आलं. खोड त्या बाजूने घुमत होतं, आणि हात पोहोचेल तिथपर्यंत वर सगळीकडे घुमत होतं. म्हणजे पोकळी वर चढत गेलेली. त्याने मान वर केली. त्याच बाजूने वर जी जाड फांदी फुटली होती, तिच्याच बेचक्यातून जावयाची दोरी नुकतीच खाली येत होती.

फांदीवर पानं हिरवीगार होती. स्क्रीनवर साल अखंड दिसत होती. जावई म्हणाला की बेचकं एकदम छान मिळालं. खारीने स्क्रीनवर नजर टाकली आणि मान हलवली. नेमाजीने मोगरी कमरेला अडकवली. आता बोलावं, असं त्याच्या मनात आलं. मग मालकिणीने पायाने लोटलेला तो ओंडका आठवला. बोलून पुन्हा हसं करून घ्यायचं? त्यापेक्षा लटकू, त्याने विचार केला, पाय उचलू आणि जोराने हिसका देऊ. मोडली तर मोडेल, आणि मग बघू कुणाचं यंत्र काय बघतं.

एवढा विचार त्याने खरोखर केला होता. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला.

"पोतं, या लवकर," फांद्या भरणारा माणूस गाडीजवळून ओरडला. जावई हसला. खारही हसली आणि म्हणाली, "चला पोतोबा, मला चारपर्यंत घरी जायचंय."

नेमाजीने दोर धरला. खारीने धरला. तिने पाय उचलले, नजर वर केली. त्यानेही गुडघे वाकवले. आणि बुटांचे चवडे जमिनीवर टेकवून ठेवले.

"पुरे," खार म्हणाली.

ती चाळीस फुटांवर पोचली, दोन फांद्या तिने कापून दोरीने खाली सोडल्या. तिसरीसाठी ती मागे रेलली, पट्ट्यावर सगळा भार देऊन, हातात चेनसॉ. मग बेचक्यातून एक आवाज आला, जाड कापड फाटावं तसा. आधी छापखान्याच्या पत्र्यावर ती फांदी पडली, मग पत्र्याच्या कडेवर खार, आणि तिथून अंगणात. कात्रणं उडाली आणि पुन्हा खाली बसली. आतली यंत्रं थोडा वेळ चालूच होती, कारण आत कुणाला काही कळलंच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं की जीव वाचला आहे, कमरेखालचं मात्र परत येणार नाही. त्यांनी ते नीट समजावून, दोनदा सांगितलं. नेमाजीची बायको दोन्ही वेळा मान डोलवत राहिली आणि तिसऱ्यांदा तिने विचारलं की मग चालायला कधी लागेल.

जावई व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडत होता. फांदी मी निवडली, असं तो येईल त्याला सांगत होता. दोरी मी टाकली, मला दिसलंच नाही, माझ्यामुळे झालं. आणि इथे नेमाजीने जे केलं ते लिहायला माझाही हात धजत नाही, पण केलं ते केलं. तो जावयासमोर उभा राहिला आणि सगळा व्हरांडा ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "मी सांगत होतो. त्या माशीवर भरवसा ठेवू नका, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

जावयाने मान खाली घातली. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "हो मामा." नेमाजीची बायको, जी आजवर जावयाला तळहाताच्या फोडासारखं जपत आली होती, तिनेही त्या दिवशी तोंड फिरवलं. पुढचे दोन महिने जावई सासू-सासऱ्यांचे टोमणे ऐकत, बायकोचं अंथरूण बदलत, तिला कुशीवर वळवत राहिला. त्याने ड्रोनची पेटी पलंगाखाली ढकलली. त्यातलं कार्डसुद्धा त्याने काढलं नाही, त्या दिवशीचं काही बघायची त्याची छाती नव्हती. नेमाजीला रात्री झोप लागत नसे, पण दिवसा त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. दोष दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला की माणसाला भूक लागते. नेमाजी त्या दोन महिन्यांत जाड झाला.

खार फारसं बोलत नसे. आईने जेवण भरवायला घेतलं की ती स्वतः घ्यायची. बाप आत आला की त्याच्या पायांकडे बघायची. नेमाजीला वाटायचं, चालणाऱ्याच्या पायांकडे ती बघणारच, बिचारी. त्याला रडू यायचं आणि तो बाहेर जायचा.

घरी आणल्यानंतर एक दिवस तिने सांगितलं की पलंगाच्या वर एक दोर बांधून हवा, हातांनी धरून स्वतःला खुर्चीवर घेता येईल असा. दवाखान्यातून एक लोखंडी सांगाडा मिळत होता, पण तो नको, दोरच हवा, आणि तो बाबांनी बांधायला हवा, असं ती म्हणाली. जावई तिच्याकडे बघत राहिला. नेमाजीला तर दोन महिन्यांत पहिल्यांदा हायसं वाटलं. अखेर माझाच दोर, असं त्याच्या मनात आलं, आणि हे त्याने बायकोला बोलूनही दाखवलं.

पुढच्या खोलीत आडवी लाकडी तुळई होती. शिडी होती, पण नेमाजीने ती घेतली नाही. त्याने दोराच्या टोकाला शिशाची पिशवी बांधली, मागच्या भिंतीपाशी उभा राहिला आणि एका फेकीत तुळई आणि छताच्या मधल्या फटीतून ती पलीकडे काढली. मूठ जेमतेम मावेल एवढी फट. खांद्यात कळसुद्धा आली नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मान हलवली. त्याने गाठ मारली, हाताच्या पकडीसाठी लाकडी दांडी बसवली आणि दोर दोनदा ओढून बघितला.

"झालं," तो म्हणाला. "ये आता."

"आधी लटका," खार म्हणाली. "टाकील तो लटकेल."

तो हसला. जुन्या दिवसांसारखं वाटलं त्याला, डोळ्यांत पाणी आलं. बायको दारात आली, हातात पीठ. जावई पलंगाच्या कडेला उभा होता, खुर्ची धरून. नेमाजीने दांडी धरली, गुडघे वाकवले, दात खाल्ले, दंड थरथरवले. वर तुळईकडे बघत राहिला. तुळई हूं की चूं करत नव्हती. तो 'पुरे'ची वाट बघू लागला.

ते आलं नाही.

"पाय वर घ्या, बाबा," खार म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. त्याचे चवडे फरशीवर टेकलेले होते. त्याने टेकवले नव्हते. ते आपोआप टेकले होते, पाच महिन्यांच्या सवयीने.

"मी रोज बघायचे," ती म्हणाली. आवाज साधाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "याने वरून टिपलेलं, रात्री, अंथरुणात. माझी चढाई बघायचे, त्याआधी तुमचे बूट दिसायचे. मला वाटायचं गुडघे दुखत असतील. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला बोला. आणि मला एक खात्री होती. ज्या दिवशी तुम्हाला फांदीची शंका येईल, त्या दिवशी तुम्ही पाय उचलणार. म्हणून मी पाच महिने तुमच्या बुटांच्या भरवशावर चढले."

जावई खुर्चीवर बसला. बायकोने पिठाचा हात पदराला पुसला आणि तसाच धरून ठेवला.

"छापखान्याचं मी दवाखान्यात मोबाइलवर बघितलं, माशी टिपते ते त्यात आपोआप उतरतं," खार म्हणाली. "याने बघितलं नाही, मी याला सांगितलंही नाही. भिंतीकडच्या बाजूला तुम्ही मोगरी मारलीत. एकाच जागी. तीन वेळा. कान लावलात. मग वर बघितलंत. मग आलात आणि माझ्यासमोर दोर धरलात. तीन वेळा का मारलीत, बाबा?"

त्याच्याजवळ उत्तर होतं. त्याला ते पाठ होतं, दोन महिने रोज रात्री त्याने ते स्वतःला म्हणून दाखवलं होतं: पोतं म्हणालात, हसलात, ठोकू नका म्हणालात. पण ते या खोलीत, त्या पलंगासमोर, सांधाही हलत नसलेल्या त्या दोन पायांसमोर मोठ्याने म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्याने दांडी सोडायला हात सैल केले.

"सोडू नका," खार म्हणाली. "पाय वर घ्या."

त्याने पाय उचलले. गुडघे पोटाशी घेतले. साठीला टेकलेलं, दोन महिन्यांत वाढलेलं ते शरीर त्याच्याच दोन दंडांवर आलं आणि दंड थरथरायला लागले, खरेखुरे. तुळई करकरली नाही, दोर हलला नाही, गाठ चांगली होती. खारीची नजर वर नव्हती. ती त्याच्या पायांकडे बघत होती. ती हसत नव्हती.

बायकोने आधी जावयाकडे पाहिलं, मग मुलीकडे. जावई उठला नाही. नेमाजीचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला. तो दोनदा म्हणाला, "पोरी."

मग हात सुटले. हातभर उंचीवरून तो फरशीवर बुडावर आपटला, फांदी मोडली की आपटतात तसा, आणि कुणी हसलं नाही. तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर, तळवे लाल. वर दांडी डुलत होती. ती डुलायची थांबेपर्यंत खारीने वाट पाहिली.

"मी पुरे म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

नेमाजीने भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला तो उठला आणि त्याने पुन्हा दांडी धरली.